झाकण न उघडता

वांगणीचा फाटा मागे टाकून पाऊण तास झाला, तरी भागी एक शब्द बोलली नव्हती. डोक्यावर लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर जुन्या चादरीत बांधलेला संगणकाचा सीपीयू, आणि पाय असे पडत होते की मागून येणाऱ्या वनमालाबाईंना जवळजवळ पळावं लागत होतं. गावात शिरणारी दुपारची एसटी रद्द झाली होती, म्हणून ही पायपीट. बाईंनी एकदा म्हणून पाहिलं, थोडा वेळ मी घेते. मान न वळवता भागी म्हणाली, "तुम्ही पिशवी सांभाळा."

राग एसटीवर नव्हताच. राग होता जव्हारच्या दुकानदारावर, आणि त्याहून जास्त बाईंच्या मानेवर. ती मान दुकानात नको तिथे हलली होती.

भागीचं लहानपण भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलं. आई-बाप विटा पाडायचे, ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन राख चाळायची. आठव्या वर्षी ती आश्रमशाळेत आली तेव्हा तिला हिंदीतल्या शिव्या येत होत्या, मराठीची अक्षरं येत नव्हती. ती वनमालाबाईंनी शिकवली. पुढे जव्हारच्या एका वकिलांकडे 'पोरगी हुशार आहे, टायपिंगला घ्या' असा शब्दही बाईंनीच टाकला. वकिलांकडे भागीने आठ वर्षं दावे आणि अर्ज टाइप केले. वकील नाशिकला गेले तेव्हा जाताना तोच संगणक तिला देऊन गेले. तो घेऊन ती वांगणीला परत आली, पडवीत मांडला, आणि गावातल्या मुलींना टायपिंग शिकवायला लागली.

यंदा कमू, माघी आणि आणखी दोघी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होत्या. जव्हारच्या क्लासमध्ये आठवड्यातून दोनदाच यंत्र हाताला लागायचं. बाकी सगळा सराव भागीच्या पडवीत. परीक्षा सतरा दिवसांवर आली होती, आणि दसऱ्यापासून संगणक दर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत होता.

हे सगळं भागीने दुकानात नीट सांगितलं होतं. पंधरा मिनिटं चालतो, मग जातो. तासभर तसाच ठेवला की पुन्हा सुरू होतो. बंद पडायच्या आधी वरची जाळी इतकी तापते की हात ठेवू देत नाही. आठ वर्षं त्याच्यासमोर बसलेलं माणूस सांगत होतं. हर्षल नावाच्या त्या दुकानदाराने बटण दाबलं, मोबाइल बघत बसला, पडदा काळा झाला तशी मान वर केली. ती भागीकडे नाही, बाईंकडे.

"बोर्ड गेलाय बाई. नवीन विंडोज पण यावर चालणार नाही. नवा असेंबल करून घ्या, काचेचं कॅबिनेट, आत लाइट. तीन आठवड्यांत देतो. हे खोकं इथेच राहू द्या, भंगारात घालतो." मग आवाज खाली आणून, पण भागीला ऐकू जाईल असा, "तुम्हीच समजावा यांना. यांना नाही कळायचं."

आणि बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." वर मान हलवली.

भागीने चादर पुढे ओढली, गाठ मारली, खोकं डोक्यावर घेतलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली. बाई पिशवी घेऊन मागे धावल्या. ती धाव अजून संपली नव्हती.

खुरासणीच्या पिवळ्या शेताशेजारी मोहाच्या झाडाखाली भागी थांबली. खोकं उतरवलं, मानेवरचा घाम पुसला. बाई दगडावर टेकल्या आणि श्वास सावरत म्हणाल्या, रागावू नकोस गं, त्याला यातलं कळतं.

"त्याने झाकण उघडलं का?" भागीने विचारलं.

बाईंनी पिशवी मांडीवर ओढली.

"नाय उघडलं. डॉक्टर तरी जीभ बघतो."

तिने कनवटीचं रुपयाचं नाणं काढलं, खोक्याच्या मागचे दोन स्क्रू त्याने फिरवले आणि झाकण सरकवलं. ती स्वतःही ते पहिल्यांदाच उघडत होती. वकिलांची सक्त ताकीद होती, आत हात घालायचा नाही. धुळीचा गालिचा होता. आणि मधल्या पंख्याच्या पात्यांत, कुंकवाने लाल झालेले, एकमेकांना चिकटून दगड झालेले तांदूळ.

दोघी वाकून बघत राहिल्या.

दसऱ्याला बाई मुद्दाम वांगणीला आल्या होत्या. पाटीपुस्तकांबरोबर संगणकाची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, आणि मुलींना यश मिळो म्हणून ओल्या कुंकवाच्या अक्षता दोन्ही हातांनी वरून टाकल्या. खोकं आडवं, वर जाळी. वकिलांकडे पूजा एका फुलावर भागायची.

"माझ्याच हातच्या की गं," बाई पुटपुटल्या.

"मूठ मोठी आहे तुमची," भागी म्हणाली. हसू आलं तिला, पण राग त्याने गेला नाही. तांदूळ चुकून पडले होते. मान चुकून हलली नव्हती.

तिने एक वाळकी काडी शोधली आणि एकेक दाणा सोडवला. शेवटी बोटाने पातं ढकललं तर ते तीन फेरे फिरून थांबलं. बाईंनी ते दाणे रस्त्यावर पडू दिले नाहीत. रुमालात गोळा करून मोहाच्या मुळाशी ठेवले, क्षणभर हात जोडले आणि पिशवी उचलली. उरलेल्या रस्त्यात भागीची चाल जरा कमी झाली होती.

पडवीत कमू वाट बघत होती. भागीने वायरी जोडल्या आणि तिला टायपिंगला बसवलं. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बाई ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होत्या. भागी जाळीवर तळहात ठेवून उभी होती. अर्ध्या तासाने कमूने दुसरं पान सुरू केलं, तेव्हा कुठे तिने हात काढला.

मग तिने ठरवलं ते सांगितलं. नवा घ्यायचा नाही. याची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची, रॅमची एक पट्टी वाढवायची, म्हणजे सुरू व्हायला जी दहा मिनिटं घेतो ती घेणार नाही. टायपिंगला नवं विंडोज लागत नाही, काचेतले लाइटही लागत नाहीत. या चौघी पास होऊ देत, पुढचं पुढे.

बाई लगेच म्हणाल्या की सोमवारी त्या स्वतः जाऊन हर्षलला चांगलं सुनावतील, झाकण न उघडता बोर्ड गेला म्हणतो म्हणजे काय.

भागीने त्यांच्यासमोर चहाची कपबशी ठेवली. आश्रमशाळेत नाव घालताना बाई बोलल्या होत्या, वकिलांकडे बाई बोलल्या होत्या, आणि त्या वेळी ते बरंच झालं होतं. आता ती छत्तीस वर्षांची होती.

"सोमवारी सामान घ्यायला या माझ्यासोबत," ती म्हणाली. "पण बोलू नका, बाई. तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही माझ्याकडे बघा."