महासीरच्या पिल्लांचा उपास

तारीख १८ मे, वार शनिवार, सकाळी आठ. रक्कम नऊशे रुपये: महासीर माशाची बोटभर पिल्लं, नग पन्नास, दर अठरा. हजर: मी, बायको, पोरगी आणि एका लग्नासाठी देवगाव रंगारीहून आलेले सासरे. मासे धरले तर आम्ही चौपन्न जण होतो आणि गार हवा त्यातल्या पन्नासांनाच मिळणार होती.

पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय प्राणिशास्त्र. पाणी तापलं की महासीरच्या शरीरात काय उलथापालथ होते, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. हा मासा सह्याद्रीतल्या वाहत्या, गार पाण्यातला. पावसाळ्यात अंडी घालायला नदीच्या उलट वर चढत जातो. असा मासा मे महिन्यात मुकुंदवाडीत, गच्चीखालच्या तिसऱ्या मजल्यावर आणायचा म्हणजे त्याच्यावर प्रयोग आधीच सुरू झाला म्हणायचा. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत विजेचं काम निघालं होतं, ते सोमवारी संपणार होतं आणि पिल्लं शनिवारीच येणार होती. घाटाकडच्या मत्स्यबीज केंद्राचे पावसाळ्याआधीचे दोनच हप्ते उरले होते. ते चुकले असते तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

आमच्याकडे एसी एकच, आमच्या झोपण्याच्या खोलीत. तो बावीसवर लावून तिथे दोन टब मांडले आणि आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली आलो. बायको म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्यासाठी एकदाही बावीसवर लावला नाही."

"तुझा जन्म गार पाण्यातला नाही," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

पाण्याची अडचण मात्र नव्हती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं, म्हणून ते पाणी दोन दिवस उघडं ठेवावं लागतं. आमच्याकडे नळ इतक्या दिवसांच्या अंतराने येतो, की टाकीतलं पाणी कायम शिळंच असतं.

पिल्लं प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आली. पोरीने पिशव्या फोडू दिल्या नाहीत. आधी त्या टबात नुसत्या तरंगत ठेवल्या, मग दर दहा मिनिटांनी टबातलं एकेक पेला पाणी आत. एकदम पाणी बदललं तर माशाला झटका बसतो.

"नव्या नवरीला बी इतकं हळूहळू घरात घेत नाय कुणी," सासरे म्हणाले. त्यांना बायको अण्णा म्हणते, मी मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात आणि दोघंही एकमेकांना थोडं बिचकून असतो.

नोंदींचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यात मी तापमापकं आणि वजनकाटे तपासतो. काटा किती चुकतो आणि त्यातली किती चूक चालवून घ्यायची, हे ठरवायचा मला पगार मिळतो. मी दोनशे पानी वही आखली. रकाने: वेळ, पाण्याचं तापमान, कल्ल्यांची उघडझाप, खाद्य, शेरा. मासा घाबरला की श्वास वाढतो, म्हणजे कल्ले भराभर उघडमीट होतात. एकेका माशावर नजर रोखून मिनिटभर मोजायचं. शनिवारी सकाळी आकडा एकशे चाळीसच्या वर होता, संध्याकाळी नव्वदला आला. रविवारी दुपारी अठ्ठ्याऐंशी. त्या वेळी माझा स्वतःचा ठोका शहाण्णव होता, पण माझ्यासाठी रकाना नव्हता.

पोरीने आम्हा तिघांना हॉलमध्ये बसवून समजावलं. ताण आला की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. साठवलेली साखर रक्तात येते. सगळी ताकद पळण्यासाठी राखली जाते, पचन आणि रोगाशी लढणं मागे पडतं. अंगावरचा बुळबुळीत थर जातो, मीठ-पाण्याचा तोल ढळतो. त्यात पाणी गरम असेल तर त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो.

"मार्चअखेरीला माझं हेच होतं," मी म्हणालो. "फक्त माझं पचन मागे पडत नाही."

"आता महत्त्वाचं," ती म्हणाली. "सोमवारी दहा वाजता यांना न्यायचंय. त्याआधी पूर्ण दिवसभर उपाशी. पोटात अन्न असलं तर ते पचवण्यात प्राणवायू जातो, शिवाय मासे घाण करतात. बंद बादलीत त्याचा अमोनिया होतो. कुणीही काही घालायचं नाही. आजोबा, कळलं ना?"

"कळलं की बाई," मामा म्हणाले. "पण वाटंला लावायच्या दिवशी पाहुण्याला उपाशी ठिवायचं, हे आमच्याकडं नाय."

"ते पाहुणे नाहीत, आजोबा. नमुने आहेत."

"आसंल. उपाशी ते उपाशीच."

रविवारी आमच्याकडे मटण होतं. घरभर वास. संध्याकाळी पाच वाजता मी मोजणीला आत गेलो, तर पन्नासच्या पन्नास पिल्लं टबाच्या काठाशी येऊन माझ्याकडे बघत होती. मासा बघतो म्हणजे काय, त्याला पापण्याच नाहीत, तो काहीही करत असला तरी बघतच असतो. पण नुकतेच चार तुकडे हाणून आलेल्या माणसाला हे सुचत नाही. शेल्फवर माशांच्या खाद्याचा डबा होता. मी बारा दाणे मोजून घेतले आणि दोन टबांत सहा-सहा टाकले. पन्नास माशांत बारा दाणे ही चालवून घेण्यातली चूक आहे, असा हिशेब केला. मग वही उघडून खाद्याच्या रकान्यात लिहिलं: नाही. खाली सही केली.

सोमवारी झाकणाच्या दोन बादल्या, बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप आणि बर्फाच्या बाटल्या घेऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने झाकण उचलून बघितलं. "क्या चचा, मछल्यां को बरफ, और हमकू पंखा बी नै?" पाऊण तासाचा रस्ता. उस्मानपुऱ्याजवळ दोन वराती समोरासमोर आल्या. दोन्हीकडे डीजे, दोन्हीकडे मागे हटायला कुणी तयार नाही. तिथे आमचा दीड तास गेला. बाहेर एकेचाळीस, बादलीत आधी चोवीस, मग सव्वीस. पाणी दुधट झालं आणि वर फेस आला. पिल्लं तोंड वर करून हवा घ्यायला लागली. मी मोजायचा प्रयत्न केला, एकशे साठनंतर कल्ल्यांची नुसती थरथर दिसत होती. पोरगी एका हाताने फेस काढत होती आणि दुसऱ्या हाताने बादलीवर ओढणी धरत होती.

पोचलो तेव्हा तीन मेलेली होती. मला वाटलं, स्वस्तात सुटलो. ताण घेतलेला मासा लगेच मरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तो टाकीत गेल्यावर नीट पोहतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि तो दोन-तीन दिवसांनी उलटा होतो. मंगळवारी नऊ, बुधवारी अकरा. उरले सत्तावीस. प्रयोगाला बारा-बाराचे तीन गट, म्हणजे छत्तीस लागत होते. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं, दोन हप्त्यांतले मासे एकत्र करायचे नाहीत. शेवटच्या हप्त्यातून पुन्हा पन्नास आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

बुधवारी संध्याकाळी पोरीने हॉलमध्ये विचारलं, "बादलीच्या तळाशी कणिक होती. कुणी घातली?"

मामांनी वेळ लावला नाही. "म्या घातली. हरभऱ्याएवढ्या गोळ्या, धा-बारा. निघताना दोन घास असावं म्हनून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई मोठं नुकसान केलं व्हय पोरी?"

पोरीने फक्त मान हलवली. मामा उठले, आत गेले आणि पिशवीतून नऊशे रुपये आणून तिच्या हातावर ठेवले. ती नको म्हणाली. ते म्हणाले, "म्या मारली, म्या भरतो." मी खुर्चीत बसून होतो. माझ्या मांडीवर वही होती आणि तिच्यात स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. बायको फार मन लावून पोळी लाटत होती, पण पोळपाटावर पोळीच नव्हती, हे मला नंतर आठवलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी गेले. ज्यासाठी आले होते ते लग्न चार दिवसांवर होतं.

दुसरा हप्ताही शनिवारीच आला आणि प्रयोगशाळा सोमवारपर्यंत बंद, म्हणून मुक्काम पुन्हा आमच्याकडेच. या वेळी पोरीने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मासे कडकडीत उपाशी राहिले, पहाटे सहाला निघाले (सरांनी रखवालदाराला प्रयोगशाळा लवकर उघडायला सांगून ठेवलं होतं) आणि पन्नासातले एकोणपन्नास जगले. प्रयोग झाला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती प्रबंध लिहीत होती. एका संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे आली.

"पहिला हप्ता का गेला, ते लिहावं लागणार," ती म्हणाली. "लिहिलंय: घरातील ज्येष्ठ व्यक्तीने अजाणता खाद्य दिल्यामुळे. आणि तुमची वही शेवटी जोडतेय बाबा, तुमच्या सहीसकट. सर म्हणाले, इतकी चोख वही त्यांनी बघितली नाही."

मी म्हणालो, "रविवार संध्याकाळ पाचची नोंद खोटी आहे."

"म्हणजे?"

"बारा दाणे टाकले होते."

"मोजले होते?"

"मोजले होते."

"मोजलेत, मग लिहिले का नाहीत?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी पण पोळीचा चुरा टाकला होता. थोडासाच. चार बोटांत मावेल एवढा."

पोरगी आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "तिघांनीही?" ती म्हणाली. "एका दिवसात तीन जेवणं? अहो, एवढं तर बी.एस्सी.ला होस्टेलवर मलाही मिळालं नाही." ती हसायला लागली, मग एकदम थांबली. "आणि आजोबा एकटे भरून गेले. बाबा, तुम्ही समोर बसला होतात."

"अहो, अण्णांना फोन लावा," बायको म्हणाली.

"फोनवर नाही," मी म्हणालो.

वहीतली ती ओळ मी लाल शाईने खोडली, वर 'बारा दाणे' लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही केली. ती तशीच प्रबंधाला जोडली गेली. 'ज्येष्ठ व्यक्तीने'च्या जागी पोरीने 'कुटुंबातील तीन व्यक्तींनी, स्वतंत्रपणे' असं लिहिलं.

रविवारी मी देवगाव रंगारीला गेलो. मामा गोठ्यापाशी बसले होते. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि नऊशे रुपये पुढे केले. त्यांनी बराच वेळ हातात घेतले नाहीत.

"म्हंजी तवा तुमाला ठावं होतं," ते म्हणाले.

"होतं."

"आन् तुमी वही घिऊन बसलावता."

"हो."

"लई हुशार जावई केला म्या," ते गोठ्यातल्या म्हशीला म्हणाले. मग नोटा घेतल्या, अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजल्या, तीनशे वेगळे काढले आणि माझ्या खिशात कोंबले. "हे माघारी घ्या. माझ्या गोळ्या काय फुकाट नव्हत्या. जेवूनच जा आता. उपाशी वाटंला लावत नाय मी."

जेवलो. नोंद अशी: मामांना अदा सहाशे रुपये. पैकी तीनशे माझे, तीनशे बायकोचे. बायकोचे तीनशे मी तिच्याकडे मागितलेले नाहीत, मागणारही नाही. मासे गेल्यापासून एसी तिने ठरवलेल्या आकड्यावर चालतो. बावीस.