वायरीतून न येणारे टाळ

तांब्याची वायर ती तांब्याची वायर. तिच्यावर रेशमी जाळी चढवली, टोकांना सोनेरी मुलामा दिला आणि काचेच्या कपाटात ठेवली, म्हणून तिच्यातून वेगळं गाणं येत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. तरीही गेल्या रविवारी मी तसली वायर विकत आणली. का आणली ते सांगायचं तर वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

वडिलांची सगळी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर गेली. पत्रा आत सरकवायचा, मशीन धाडकन खाली येणार, भोक पडलेला पत्रा बाहेर काढायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरी आले की हातपाय धुवायचे आणि टाळ घेऊन भजनाला पळायचे. पेठेतल्या भजनी मंडळात त्यांच्या टाळाला मान होता. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं स्टिरिओ घेतला, दोन उंच स्पीकरांसकट. घरात माणसांपेक्षा जास्त जागा या खोक्यांनाच लागते, म्हणून आई कुरकुरायची आणि भजन लागलं की सगळ्यांत पुढं बसायची.

काही दिवसांनी वडिलांची तक्रार सुरू झाली. "पखवाज येतोय, पेटी येतीया. टाळ कुठं गेलं?" दुकानदारानं निदान केलं की वायर हलकी आहे. जाड वायर आली. आठवडाभर टाळ परत आले म्हणून घरात पेढे वाटायचेच बाकी होते, मग टाळ पुन्हा गायब. मग त्याहून महाग वायर, पुन्हा तेच. मला तर टाळ पहिल्या वायरीतूनही खणखणीत ऐकू येत होते. एवढा शहाणा माणूस दुकानदाराच्या नादी लागून उल्लू बनतोय, म्हणून माझं डोकं फिरायचं.

दुसरं काही आमच्या डोक्यात आलंच नाही. कोल्हापुरात दोन माणसं नुसत्या गप्पा मारत असली तरी परक्याला भांडण लागल्यासारखं वाटतं. वडील ओरडून बोलायचे, आई ओरडून उत्तर द्यायची, यात वावगं ते काय? भजनात ते टाळ फार जोरात आपटायला लागले होते. त्यावर मंडळातले लोक म्हणायचे, "म्हातारा अजून तरणा हाय की." आणि आई चारचौघींत कौतुकानं सांगायची, की मी बोलायला लागले की हे हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडं बघत ऐकतात.

तिसरी नवी वायर आली तेव्हा मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. वडिलांना भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसवलं, म्हणजे कुठली वायर जोडलीय ते दिसायला नको. मी मागं वायरी बदलणार, त्यांनी नुसतं ऐकून सांगायचं. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी एक भजन लावलं, थांबवलं आणि विचारलं, "आबा, ही कुठली वायर?" परीक्षक झाल्यामुळं मी त्या घरात बहुधा पहिल्यांदाच शांत आवाजात बोलत होतो.

उत्तर नाही. वाटलं, विचार करत असतील. पुन्हा विचारलं. आईचा मेथी निवडणारा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "अवो, च्या ठेवू का?" चहाला जन्मात कधी नाही न म्हणालेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडं बघत राहिला. मग तेच वळून आमच्याकडं बघायला लागले. "भजन थांबवून बसलास व्हय? इचार की काय इचारायचं त्ये."

आईनं मेथी तशीच बाजूला सारली आणि पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं प्रेसचा तो दणदणाट ऐकून कानांना बारीक, उंच आवाज ऐकू यायचे बंद झालेत, ते परत यायचे नाहीत. कानाच्या मशीननं बोलणं थोडंफार कळेल, टाळ मात्र टाळासारखे लागणार नाहीत. वडिलांनी टाळ मंडळाला देऊन टाकले आणि भजनाला जाणं सोडलं. मला इतका राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? वर्कशॉप केव्हाच बंद पडलं होतं.

मी स्वतः कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रेसवरच आहे. कंपनी कानात घालायला बोळे देते, ते शर्टाच्या खिशातच असतात, घरी आल्यावर वडिलांनाही दिसतात. डाय, म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा साचा, बिघडली की आधी तिचा आवाज बदलतो, तो ऐकला नाही तर अख्खा माल भंगारात. मला हे वडिलांनीच शिकवलं होतं. "मशीन कानानं चालवायचं लेका," असं अभिमानानं सांगायचे. डॉक्टरांकडून आल्यावर मी काही दिवस बोळे घातले. एकदा माल खराब निघाला, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झाडलं आणि बोळे परत खिशात गेले.

गेल्या रविवारी मी तेच भजन लावलं. टाळ फडक्यात गुंडाळल्यासारखे वाटले. वायरीच्या पिना काढून पुसल्या, स्पीकर हलवून बघितले. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "चांगलं खणखणीत येत्यात की टाळ, काय झालंय त्यास्नी?" मी तडक त्याच दुकानात गेलो आणि सगळ्यांत महाग वायर मागितली. दुकानदार तिचे गुण सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. त्याचं म्हणणं खरं निघावं असं माझ्याइतकं आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला वाटलं नसेल.

घरी येऊन वायर जोडली. वडील समोर खुर्चीत बसून बघत होते. पखवाज आला. पेटी आली. मी स्पीकरमागं वाकूनच होतो.

"आलं का रं टाळ?" वडिलांनी विचारलं.

मी उठून त्यांच्या समोर आलो, त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून.

"आलं, आबा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "उद्यापास्नं त्ये बोळं घालत जा कानात."