तेहतीस अंशांचा गारवा

चैत्रात बाबांच्या अस्थी समुद्रात सोडायला गेलो, तेव्हा मी आईला जवळजवळ वाफवून काढले. घरात हा विषय सहसा निघत नाही. निघतो तो फक्त पाहुणे आलेले असताना.

बाबांनी अकोल्यात चाळीस वर्षे वकिली केली. एप्रिलमध्ये काळा कोट घालून कोर्टात उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने अकोला पाहिले आहे त्याला सांगायला नको. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटच्या आजारात एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "आयुष्यभर भाजलो रे विनू. माझं थोडंसं समुद्रात सोडजो. तिथं तरी थंडावा भेटन." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. मी हो म्हणालो. म्हणून बहुतेक अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडल्या आणि थोड्या तांब्याच्या गडूत घालून, तोंडाला पांढरे कापड बांधून, अंगणातल्या कडुनिंबाला टांगून ठेवल्या. आईची एकच अट होती. समुद्रात सोडायच्या त्या तिने, तिच्या हाताने.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्यामुळे घरातले छापील असे जे काही असेल ते माझ्याकडे येते. निघण्याआधी मी कोकण किनारपट्टीचा पाच दिवसांचा हवामान अंदाज काढला आणि अकोल्याच्या घरी सर्वांना बसवून वाचून दाखवला. आकाश निरभ्र. समुद्र शांत. कमाल तापमान तेहतीस अंश. हवा उष्ण व दमट. त्या दिवशी अकोल्यात बेचाळीस होते.

"तेहतीस?" ताई म्हणाली. "तेहतीस त आपल्याकडे दिवाळीत असते." (ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि शाळेत भूगोल शिकवते. याची मी तिला नंतर पुष्कळदा आठवण करून दिली.)

'उष्ण' हा शब्द मी सरकारी सावधगिरी समजून ओलांडला. राहता राहिले 'दमट'. दमट म्हणजे हवेत पाणी, आणि वऱ्हाडात पाणी म्हणजे गारवा. माठाला ओले फडके, दाराला वाळ्याचा भिजवलेला पडदा, खिडकीत कूलर. ज्या प्रदेशात हवाच आधीपासून ओली आहे, तिथे काय सुख असेल, याचे मी जरा लांबलचक विवेचन केले. ऐकून आईने शाल घेतली, स्वेटर घेतला आणि माझ्यासाठी कानटोपी घेतली.

दोन रेल्वेगाड्या आणि एक एसटी बदलून सकाळी दहाला आम्ही त्या किनाऱ्यावरच्या गावात उतरलो. माडांच्या सावलीत दोन खोल्या भाड्याने देणारे सुर्वेकाका घ्यायला आले होते. आई शाल पांघरून उतरली. त्यांनी शालीकडे पाहिले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. (आजींना ताप आहे, असे त्यांना वाटले.)

आमच्याकडे घाम दिसत नाही. येतो आणि येता येताच वाळतो. सदऱ्याच्या कॉलरवर मिठाची एक रेघ ठेवून जातो. इथे तो आला आणि राहायलाच आला. अर्ध्या तासात ताईचा चेहरा असा निथळू लागला की सुर्वेकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत, गेलेलं माणूस परत येत नाही, धीर धरा, असे म्हणू लागल्या.

"मी रडून नाही राहिली, काकू," ताई म्हणाली. "हा घाम आहे."

काकूंनी तिला आणखी जवळ घेतले.

सुर्वेकाकांनी सगळे नीट समजावले होते. साडेपाचच्या सुमाराला ओहोटी लागेल. पाणी आत ओढू लागले की सोडायचे, म्हणजे काही परत किनाऱ्याला येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची परतीची गाडी. म्हणजे जे काय ते आजच, आणि तोवर पंचाहत्तर वर्षांच्या आईला जपायचे होते. ते काम मी अंगावर घेतले.

वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात पहिली गोष्ट करतो ती ही की, घर बंद करतो. मी खिडक्या लावल्या. समुद्राचा वारा येत होता, तोही बंद केला. मग कूलर मागितला. सुर्वेकाका म्हणाले, इकडे कूलरचा काही उपयोग होत नाही. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

"तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "मी काय बोलणार?"

शेवटी तालुक्याच्या एका मंडपवाल्याकडे कूलर मिळाला. लग्नाच्या जेवणावळीत लावतात तेवढा, दरवाजाएवढा. तो टेम्पोतून आला. मी त्यात काठोकाठ पाणी भरले, फरशीवर दोन बादल्या शिंपडल्या, दाराला ओली चादर टांगली, आईला समोर खाटेवर निजवले आणि बटण दाबले.

तासाभरात खोली मोदकपात्रासारखी झाली. भिंती घामेजल्या. आईने सोबत आणलेले ज्वारीचे पापड रुमालासारखे घडी घालता येतील असे झाले. मी म्हणत होतो, जरा दम धरा, आता परिणाम सुरू होईल. आई काहीच बोलत नव्हती. मला वाटले, गारव्याने झोप लागली.

"विन्या," ताई म्हणाली, "आई काहून धापा टाकून राहिली?"

दार मी उघडले की ताईने, आता सांगता येत नाही. सुर्वेकाकांनी आईला उचलूनच बाहेर आणले आणि माडाखाली बसवले. वाऱ्याने, शहाळ्याच्या पाण्याने हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. पण पाय उचलत नव्हते. साडेचार वाजून गेले होते. ताई मला म्हणाली, तू एकटा जाऊन सोडून ये. मी गडू हातात घेतला. बाबांना दिलेला शब्द मी पाळणार होतो, पण आईची अट मोडून, आणि तिचे पाय गेले ते माझ्या विद्वत्तेमुळे.

"ठेव तो खाली," आई म्हणाली. "मी येऊन राहिली."

मग सुर्वेकाकांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आणली. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने मी. आई गडू मांडीवर घेऊन ताठ बसली होती. वाटेत जाळी विणणारे लोक उठून उभे राहिले. खुर्ची आम्ही सरळ पाण्यात नेऊन ठेवली. लाट आईच्या पायांपर्यंत यायची आणि वाळू ओढत परत जायची. ओहोटी लागली होती.

आईने आधी हात खाली सोडून पाण्यात बुडवला. तो तसाच ठेवला.

"विनू," ती म्हणाली, "हे त कोमट आहे."

कोमटच होते. मी वाकून दोनदा पाहिले.

"त्यायले थंडावा पाहिजे होता."

"किनाऱ्याला असं असतं, आई. आत खोल गेलं की गार असते."

"तू पाह्यलं?"

"वाचलं."

लाट आली, गेली. आईने मान वळवली आणि दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या सुर्वेकाकांकडे पाहिले.

"भाऊ, तुमी सांगा. आत थंड असते काय?"

सुर्वेकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. "आजी, माझं अर्धं आयुष्य होडीत गेलं," ते म्हणाले. "खाली अगदी थंडगार. मे महिन्यातसुद्धा."

आईने मान हलवली, कापडाची गाठ सोडली आणि गडू हळूच तिरका केला. चाळीस वर्षे वकिलाच्या घरात काढलेली बाई ती. कोणाची साक्ष ग्राह्य धरायची नाही, हे तिला नेमके कळत होते.