वाया गेलेली आठ मिनिटं

एकही वाईट सिनेमा न काढलेला दिग्दर्शक साऱ्या देशात एकच आहे आणि तो वाशीम जिल्ह्यात, मेडशी गावी राहतो. हे माझं मत नाही, त्याचं स्वतःचं आहे. पण गेल्या तीस वर्षांत ते खोडून काढणारा माणूस मला भेटलेला नाही. हा दिग्दर्शक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी. लग्नाची शूटिंग करणं हा त्यांचा धंदा, पण कुणी त्यांना 'शूटिंगवाले' म्हटलं की ते त्या घरचा चहा घेत नसत. मेडशीच्या स्टँडवर उतरून त्यांचं नाव विचारलं तर लोक अजूनही डोकं खाजवतात. 'डायरेक्टर' म्हटलं की मात्र तिघं जण घरापर्यंत सोडायला येतात.

संध्याकाळी पानठेल्यावर उभं राहून मुंबईच्या दिग्दर्शकांना एकेक करून नापास करणं हा त्यांचा आवडता उद्योग. एक चौथ्या सिनेमात घसरला, दुसऱ्याला शेवट जमला नाही, तिसरा गाण्यांत वाहून गेला. "अन् तो," असं म्हणून ते एका फार मोठ्या माणसाचं नाव घ्यायचे, "त्यानं बायकोले हिरोईन केलं ना बाप्पा, तेथंच खपला तो. घरचं मानूस सिनेमात आनलं का डायरेक्टरचा हात कापाले धजत नाही." त्यांचा सगळा सिद्धान्त या एका गोष्टीवर उभा होता. सिनेमा काढता सगळ्यांनाच येतो, कापता कुणालाच येत नाही. आपल्या हातानं घेतलेलं आपल्याच हातानं फेकता आलं पाहिजे. मुंबईवाल्यांना ते जमत नाही आणि भाऊजींना जमतं, एवढाच काय तो फरक.

आणि त्यांना ते जमायचं, यात शंका नाही. लग्नात तोंड उघडं टाकून जेवणारा माणूस भाऊजींच्या कॅसेटमध्ये कधी दिसला नाही. रुसलेले फुफाजी, वरातीत पिऊन लोळणारे मित्र, नवरीच्या आईचं नाक पुसणं, सगळं बाद. शिवाय जे घडलं ते मनासारखं घडलं नाही तर ते पुन्हा घडवून घ्यायचे. वरमाला तीन-तीनदा घालून घेत. आसेगावच्या एका लग्नात त्यांनी भंतेजींना पंचशील पुन्हा म्हणायला सांगितलं, कारण पहिल्या वेळी मागून एक बकरी गेली होती. भंतेजी शांतपणे म्हणाले, "शील एकदा घेतलं का घेतलं बाबा. बकरीले राहू द्या, तिनं बी आयकलं असंन." मंगरूळपीरच्या एका निकाहात नवरदेवाचं 'कबूल है' चौथ्यांदा मागितलं तेव्हा काझीसाहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मियाँ, तीन बार में तो निकाह हो गया, चौथी बार में क्या करवाओगे?" त्या दिवशी भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली, असं माझी ताई सांगायची.

कामरगावच्या एका लग्नाची गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली आहे. वरातीचा बँड कोणत्या गल्लीतून न्यायचा यावरून दोन्ही व्याह्यांत अशी जुंपली की मांडवाचे बांबू उपसले गेले. एकाच्या डोक्याला टाके पडले, दोन महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, नवरी माहेरी येऊन बसली होती. मग भाऊजींची कॅसेट तयार होऊन आली. तिच्यात मारामारी नव्हती, बांबू नव्हते, टाके नव्हते. होते ते फक्त हसरे चेहरे, गुलाबाच्या पाकळ्या आणि अकोल्याच्या मिक्सिंगवाल्यानं कोपऱ्यात उडवलेली दोन कबुतरं. दोन्ही व्याही एका टीव्हीसमोर बसून ती पाहत होते. संपल्यावर मुलीचा बाप म्हणाला, "एवढं चांगलं लग्न झालं होतं, मंग आपन भांडलो काहून?" नवरी त्याच आठवड्यात सासरी गेली. भाऊजींनी हा किस्सा पानठेल्यावर इतक्यांदा सांगितला की पानवाला शेवटचं वाक्य त्यांच्याआधी म्हणायचा.

या सगळ्यात माझी ताई कुठं होती? ती लाईट धरून उभी असायची. डोळे दिपवणारा तो दिवा, ज्याला या धंद्यात 'सनगन' म्हणतात, तो डोक्याच्या वर धरून भाऊजींच्या डाव्या अंगाला तीन-तीन तास उभं राहायचं, ते चालले की चालायचं, ते थांबले की थांबायचं. जिल्ह्यातल्या हजार-पाचशे नवऱ्यामुली आज आपल्या कॅसेटमध्ये गोऱ्यापान दिसतात त्या तिच्या हातामुळे. आणि भाऊजींचा सर्वांत कडक नियम तिच्यासाठीच होता. सिनेमात उजेड दिसावा, लाईट दिसू नये. वायर दिसली, दिव्याचा दांडा दिसला, लाईट धरणारीचा पदर जरी फ्रेममध्ये आला तरी तेवढा तुकडा बाद. चांगलं तेवढं अकोल्याला काढून घेतलं की मूळ कॅसेटवर पुढच्या लग्नाची शूटिंग. मी चिडायचो. ताई हसायची. "माह्यं तोंड पाहाले लोकं लग्न लावतात का? मी उजेडाच्या मांगं बरी हावो," म्हणायची. मला ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं.

माझ्या लग्नात मात्र घोळ झाला. शूटिंग अर्थातच भाऊजींची. पण ते घरचे जावई, त्यामुळे मध्येच त्यांना शाल-टोपीच्या मानासाठी मंचावर बोलावलं. त्यांनी कॅमेरा स्टँडवर ठेवला, आणि तिकडे शालीत गुंडाळले जाताना त्यांच्या लक्षात आलं की लाल दिवा चालूच आहे. आठ मिनिटं कॅमेरा कुणाच्या हातात नसताना चालला होता. "आठ मिनिटं वाया गेली. कापून देतो तुले," ते मला म्हणाले. कापायच्या आधीच माझ्या सासऱ्यांनी ती मूळ कॅसेट नातेवाइकांना दाखवायला म्हणून आपल्या गावी, कामरगावला नेली आणि ती तिकडेच गडप झाली. आपलं न कापलेलं काम गावोगाव फिरतं आहे या विचारानं भाऊजींना महिनाभर झोप नव्हती. "ते माही नाही म्हनजा कोनी इचारलं तं," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. त्यांच्या चोख कारकिर्दीला लावायला माझ्याकडे तेवढं एकच गालबोट होतं, आणि मी ते भेटेल तेव्हा लावायचो.

ताई गेली त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. कावीळ झाली, अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस राहिली, नवव्या दिवशी गेली. कॅमेऱ्याचे मोबाईल तेव्हा गावात नुकते आले होते, पण भाऊजींनी ते घरात येऊ दिले नव्हते. "त्या डबड्यात काय शूटिंग होते?" तिच्या जलदान विधीला पाहुणे जमले तेव्हा कुणी तरी सहज म्हणालं, डायरेक्टर, ताईची एखादी कॅसेट लावा, जरा बोलताना-चालताना दिसंन. भाऊजी उठले. कपाटात निवडक लग्नांच्या प्रती होत्या, त्या सगळ्या त्यांनी खाली काढल्या, एक लावली, पुढे पळवली, मागे पळवली, दुसरी लावली. पाहुणे जेवून निघून गेले तरी ते लावतच होते. सगळ्या लग्नांत सगळे होते आणि ताई कुठंच नव्हती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, पण तो बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, मान ताठ आणि डोळे दचकलेले. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी न बोलता वाशीमला निघून आलो. माझ्या बहिणीला या माणसानं स्वतःच्या हातानं कापून टाकलं, असंच मला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही. आता लग्नात ड्रोन उडतात, त्यामुळे कुणी बोलावलंही नाही. पण ते घरी बसले नाहीत. पिशवीत जुना प्लेअर आणि वायरी घालून एसटीनं नाही तर काळीपिवळीनं गावोगाव जाऊ लागले. वीस वर्षांपूर्वी ज्यांचं लग्न शूट केलं त्यांच्या दारात उभे राहून म्हणायचे, "तुमची कॅसेट कशी राह्यली ते पाहाले आलो. लावता का जरा?" लोकांना वाटायचं, डायरेक्टरला स्वतःच्या कामाची नशा चढली आहे. नवरा-बायको कौतुकानं स्वतःचं लग्न पाहत बसायचे आणि हे टीव्हीला नाक लावून फ्रेमच्या कडा पाहत. कामरगावच्या त्याच भांडणाच्या लग्नातली नवरी, आता तिची मुलगी कॉलेजात आहे, तिनं मला सांगितलं, "तुमचे भाऊजी आले होते. आंदणातलं आरशाचं कपाट दिसलं का थांबवून राह्यले होते. मी म्हटलं, काय पाहून राह्यले जी? तं म्हने, काही नाही." ते काय पाहत होते हे मला लगेच कळलं. आंदणात मांडलेल्या लोखंडी कपाटाला आरसा असतो, आणि त्या आरशात शूटिंग करणाऱ्याची बाजू उमटते. पुढे त्यांनीच मला कबूल केलं की असे तीन आरसे त्यांना सापडले. तिन्हीत दिव्याचा पांढरा झोत होता. झोताच्या मागं काळोख. त्या दिवशी माझा राग गेला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासरचं जुनं घर पाडलं. सामान हलवताना दिवाणाच्या तळाशी, माझ्या बायकोच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेली ती कॅसेट मेव्हण्याला सापडली. ताई गेल्यावर भाऊजींनी या कॅसेटसाठी कामरगावला तीन खेपा घातल्या होत्या आणि तीनदा रिकाम्या हातानं परतले होते. मी ती अकोल्याला नेली. दुकानदार म्हणाला, बुरशी लागली आहे, येईल तेवढं काढून देतो. आठापैकी साडेतीन मिनिटं आली. ती पेनड्राइव्हवर घेऊन मी एका दुपारी मेडशीला गेलो आणि काहीच न सांगता भाऊजींच्या टीव्हीला लावली.

चित्र वाकडं. अर्धी फ्रेम मांडवाच्या बांबूनं भरलेली. उरलेल्या अर्ध्यात ताई, लाईट धरून. फोटोवाल्यासाठी मंचाकडे उजेड पाडत ती उभी आहे, शेजारी आमची मावशी. कॅमेरा बंद आहे असं समजून ताई बोलते आहे. खरखरीतून आवाज येतो: "हात लय भरून आला वं मावशे. उजवा तं आता वरतं राह्यतच नाही." मावशी म्हणते, "मंग सांगत काहून नाहीस त्यायले?" ताई हसते. तेच हसणं. "सांगतलं तं ते लाईट दुसऱ्या कोनाच्या हाती देतीन. मंग मी घरी. त्यायच्यासंगं हिंडनं होते वं माह्यं, तेवढंच." मग दिवा डाव्या हातात घेऊन ती सरळ कॅमेऱ्याकडे येते, अगदी जवळ. कॅमेऱ्याच्या काचेत आरशासारखं पाहून केस सारखे करते, ओठ पुसते. सगळ्या टीव्हीभर तिचा चेहरा, थोडा पुसट. मग मुंग्या-मुंग्या आणि निळा पडदा.

भाऊजी त्या निळ्या पडद्यालाच म्हणाले, "दुखे तं सांगाचं ना वं."

काही तरी बोलायचं म्हणून मी जुनीच थट्टा केली. "भाऊजी, निंगाला ना शेवटी तुमचा एक खराब सिनेमा."

"खराबच हाय," ते म्हणाले. "फ्रेम वाकडी. मधात बांबू. फोकस नाही. आवाज नाही."

"अकोल्याहून सारखा करून आनू का? बांबूचा तेवढा तुकडा कापता येते म्हने."

त्यांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. "कापू नोको. काहीच कापू नोको."

मग ते उठले, खोलीच्या मध्यात उभे राहिले आणि उजवा हात डोक्याच्या वर सरळ धरला, मूठ वळून, दांडा धरल्यासारखा. मला घड्याळ पाहायला सांगितलं. मी पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा हात थरथरायला लागला, चौथं पुरं व्हायच्या आत तो खाली आला. दुसऱ्या हातानं दंड चोळत ते पुन्हा टीव्हीसमोर बसले.

"लाव," म्हणाले. "पुन्हा लाव."