एकोणतीसपर्यंतची गिनती

माझं शेवटचं पोस्टिंग जर्मनीत, रेगेन्सबर्गला झालं. हुकूम मुलीने काढला. साल २०१६. पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनीत येऊन मला बरीच वर्षं झाली होती. मृणाल तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर, जावई तन्मयराव सॉफ्टवेअरमध्ये. त्या हिवाळ्यात दोघांचंही काम वाढलं आणि दुपारी नातीजवळ थांबायला माणूस मिळेना. मृणालचा फोन आला, "बाबा, तीन महिने याल का? इराला शाळेतून आणायचं आणि अभ्यासाला बसवायचं, एवढंच." आमच्या हिचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून मी एकटाच निघालो.

ड्यूटी सोपी होती. तिकडे लहान मुलांची शाळा जेवणाच्या वेळेलाच सुटते. मी फाटकाशी उभा राहायचो, इराला घेऊन बर्फातून घरी यायचो, वरणभात गरम करायचो. मग टेबल पुसून गणिताचं पुस्तक उघडायचो. इरा सात वर्षांची, दुसरीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. "भात वाढू?" म्हटलं की "नाइन". नाइन म्हणजे नको. पहिले दोन दिवस मला वाटलं, पोरगी नऊ घास मागते आहे. रेडिओवर आम्ही नऊच्या आकड्याला नाइन न म्हणता 'नायनर' म्हणायचो. का म्हणायचो, हे आख्ख्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या जेवणाच्या टेबलावर कळलं.

मला तेव्हा कशाचंच फार काही वाटत नसे. उठायचं, बूट घालायचे, नेमलेलं काम करायचं. आनंद नाही, तक्रार नाही. हे जर्मनीमुळे नव्हतं, फार आधीपासूनचं होतं. लोक त्याला माझी शिस्त म्हणायचे आणि मीही ते खोडून काढत नसे.

जानेवारीत शाळेतल्या बाईंनी मृणालला बोलावून घेतलं. इरा आकडे उलटे लिहीत होती. चोवीस सांगितले की ४२, सदतीस सांगितले की ७३. फेब्रुवारीत आकड्यांचं डिक्टेशन होतं. तोवर सुधारणा झाली नाही तर तिला पुन्हा पहिलीत बसवावं, असं बाईंचं मत पडलं. आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या. घरात आकड्यांसाठी एकच भाषा ठेवा, जर्मन.

त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही.

"मी रोज करून घेतोय ना तिच्याकडून," तन्मयराव म्हणाले. "ट्वेंटी-फोर, थर्टी-सेव्हन. इंग्लिशमध्ये एकही चूक नाही तिची."

"शाळा इंग्लिशमध्ये आहे का?" मृणाल म्हणाली. "आल्झो, तर मग आता कोणीच काही करायचं नाही. बाबा, तुम्ही पण राहू द्या. उगाच तिसरी भाषा नको."

मी "ठीक आहे" म्हटलं. हुकूम म्हणजे हुकूम. पण दुसऱ्या दिवशी इरा पुस्तकासमोर बसली आणि तिने तोंडच उघडलं नाही. स्वेटरची बाही दातात धरून बसून राहिली. नवा जवान घाबरला की आधी गप्प होतो, चुका नंतर करतो. ही मुलगी चुकांच्या पलीकडे जाऊन गप्प झाली होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जाणार आणि ही लहान मुलांत बसणार, हे तिला पक्कं कळलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "तन्मयराव, चोवीसला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"फिअर-उंड-त्स्वानत्सिश."

"फिअर म्हणजे?"

"चार. उंड म्हणजे आणि. त्स्वानत्सिश, वीस. चार आणि वीस. हे लोक उलटं बोलतात, बाबा. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"चो-वीस," मी म्हणालो. "आपण तरी कुठे सुलटं बोलतो? सद-तीस. सात आधी, तीस मागून. वेगळं बोलतो तो इंग्रज."

तन्मयराव चमचा हातात धरून थांबले. मनातल्या मनात त्यांनी चार-पाच आकडे म्हणून पाहिले असावेत. मग म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. त्या दिवसापासून त्यांनी इंग्रजी आकडे बंद केले आणि माझी ड्यूटी पुन्हा सुरू झाली.

मी कागदावर दोन चौकोन काढले. दोन आकडे म्हणजे पहाऱ्यावरचे दोन संत्री: उजवीकडे एक, डावीकडे एक. ज्याची हाक आधी येते तो उजवा. ज्याची मागून येते तो डावा. जर्मन असो की मराठी, नियम एकच. इरा आधी जर्मन आकडा म्हणायची, मग मी मराठी म्हणायचो, आणि ती संत्री उभे करायची. हळूहळू बाही दातातून सुटली. आठवड्याभरात ती माझ्यामागून बावीस, तेवीस म्हणू लागली. उच्चार तिकडचे होते, आकडे आपले.

डिक्टेशनच्या आदल्या दुपारी आम्ही एकवीसपासून सुरुवात केली. अठ्ठावीसपर्यंत एकही चूक नाही. पुढे ती म्हणाली, "नॉयन-उंड-त्स्वानत्सिश," आणि २९ लिहिले. बरोबर होते. मी सवयीने म्हणालो, "एकोणतीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या कानांनी तीस ऐकलं होतं. दोन खोडून तिने तीन लिहिला. ३९.

"नाही, आधीचंच बरोबर होतं," मी म्हणालो.

तिने पेन्सिल फेकली. रडत जर्मनमध्ये भराभर बोलू लागली. त्यातलं "तीस, तीस" एवढंच मला कळलं. नियम मीच दिला होता आणि मोडलाही माझ्याच भाषेने. उद्या परीक्षा. पंधरवड्याची मेहनत माझ्यासमोर वाहून चालली होती.

"इरा, ऐक. इथे तीस असायला हवे होते. एक कमी पडला. म्हणून एकोण-तीस."

तिने डोळे पुसले. "एक कोण?"

"काय?"

"एक कमी. कोण?"

हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, रेडिओवर. काश्मीरमध्ये, मी प्लाटून हवालदार असताना. आम्ही तीस जण गस्त संपवून उतरत होतो. भर दुपारी वरची बर्फाची कड तुटली. आवाज संपल्यावर मी गिनतीचा हुकूम दिला. हुकूम हिंदीत, आकडे मराठीत, कारण सगळी पोरं आपल्याच मुलखातली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. पुढे काही आलं नाही. आम्ही सगळे मागे बघत उभे राहिलो. तीस म्हणायचं काम दत्तूचं होतं, तो नेहमी शेवटी चालायचा. मी कंपनी कमांडरना रिपोर्ट दिला.

"टू नायनर. ओव्हर."

"से अगेन?"

"टू नायनर. ओव्हर."

मग साहेब रेडिओची भाषा सोडून मराठीत म्हणाले, "कोण?"

मी नाव सांगितलं. त्यानंतर ते नाव मी घरात कधी घेतलं नाही, हिच्यासमोरही नाही.

"दत्तू," मी इराला म्हणालो. "आमच्यात तीस म्हणायचा तो दत्तू. एकदा तो आला नाही, म्हणून आम्ही एकोणतीस राहिलो."

तिने खाली पडलेली पेन्सिल उचलली. तीन खोडला आणि दोन लिहिला.

डिक्टेशन चांगलं गेलं. बाईंनी मृणालला सांगितलं, इरा दुसरीतच राहील. त्या संध्याकाळी मृणालने शिरा केला. इराला आईबाबांना मराठी आकडे म्हणून दाखवायचे होते. ती खुर्चीवर उभी राहिली आणि मोठ्याने सुरू झाली. आम्ही ऐकत होतो.

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, दत्तू, एकतीस..."

तन्मयराव हसले. मृणालने विचारलं, "दत्तू कोण गं?"

इरा मराठीत म्हणाली, "आजोबांचा. तो कमी आहे."

मृणाल माझ्याकडे वळली. मग मी सांगितलं. नाईक दत्तू, पाटण तालुक्यातला. चालताना शीळ घालायचा, त्यामुळे शेवटी कोण आहे हे न बघताही कळायचं. मेमध्ये बर्फ वितळल्यावर सापडला. पेटीबरोबर गावी मी गेलो होतो, त्याच्या आईसमोर सावधानमध्ये उभा राहिलो होतो, आणि तेव्हा मला रडू आलं नव्हतं.

ते आता आलं. मृणालने माझा हात धरला. इराला कोणी थांब म्हटलं नाही, त्यामुळे ती बत्तीस, तेहतीस, चौतीस म्हणत पुढे गेली.