दारातल्या चपला

आज आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आहे. सकाळी बाबा गेले. रबराचा आणि घामाचा तो वास आला आणि वर्तकनगरच्या याच जिन्यातली एक जुनी संध्याकाळ आठवली.

कुणाची चप्पल आमच्या पायपुसण्याला नुसती लागली तरी बाबा जिना डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी त्यांचं बोट धरून मी बाजारातून आलो, तर समोरच्या घरातल्या पाहुण्यांच्या चपला आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या. आत काय चाललंय हे न बघताच बाबा ओरडले, "पार्ट्या करा, पण जायला वाट तरी ठेवा." मधली एक झिजलेली जोडी त्यांनी पायाने उडवली. "ही कुणाची?"

समोरचा सुनीलदादा बाहेर आला. डोळे सुजलेले.

"पप्पांची, काका. दुपारी गेले ते."

वाकून त्याने ती जोडी उचलली आणि शर्टाने पुसली. मी बाबांचं बोट सोडलं.

आज बाबांच्या चपला दारात अगदी मधोमध आहेत. मघाशी सुनीलदादा आला. स्वतःच्या चपला स्वतःच्याच दारात काढून, अनवाणी. बाबांच्या चपलांना धक्का लागू नये म्हणून तो भिंतीला घासून आत गेला.