सलीमभाई आणि यंदाचा एमव्हीपी

सलीमभाईंना कुठं पुरायचं, हे परवा मला विचारलं गेलं.

मी ना त्यांच्या नात्यातला, ना जातीधर्मातला. मी फक्त त्यांच्या गाडीत बसायचो.

इथं सौदीतल्या यान्बूत ज्यांना ते माहीत नव्हते त्यांच्यासाठी: सलीमभाई दापोलीकडचे. आमच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर. मी महाडचा, मेंटेनन्सला. बिल्डिंग एक, शिफ्ट एक, गाडी त्यांची. रोज जाऊन-येऊन तासभर तरी आम्ही शेजारी शेजारी.

आणि त्या तासाभरात विषय एकच. बेसबॉल.

हो, बेसबॉल. कोकणातला माणूस क्रिकेट सोडून बेसबॉल बघतो म्हणून कॅन्टीनमध्ये सगळे त्यांना वेड्यात काढायचे. प्लांटमधल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनिअरने लंच टाइममध्ये हा नाद लावला. तो रिटायर होऊन गेला. नाद सलीमभाईंकडे राहिला, आणि त्यांनी तो माझ्या गळ्यात मारला.

सीझन संपला की तिकडे एकाला एमव्हीपी देतात. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर. आपल्या मॅन ऑफ द सिरीजसारखं, पण अख्ख्या वर्षाचं.

यंदा आमचे दोन उमेदवार. खरी नावं आम्ही कधी घेतलीच नाहीत.

माझा शांत्या. पिचर, म्हणजे आपला बोलर. टीम एक नंबरला, आणि चेहऱ्यावर सुतकी कळा.

त्यांचा दाढीवाला. शॉर्टस्टॉप, म्हणजे मधल्या जागेचा फिल्डर. बॅटिंग अफाट, टीम मात्र तळाला.

"मंग्या, तुझा शांत्या पाच दिवसांतून एकदा येतो कामावर. बाकीचे चार दिवस बाकावर बसून बिया चघळतो. असल्याला आपल्या स्टोअरमध्ये कोण ठेवील रे?"

"अहो, पण तो आला की टीम जिंकते! तुमचा दाढीवाला रोज खेळतो आणि रोज हरतो."

"हरतो तर हरतो. येतो ना रोज?"

"हरणाऱ्या टीममधला माणूस व्हॅल्युएबल कसा? तो नसता तरी ते हरलेच असते."

"तो नसता तर मॅच बघायला कुत्रं आलं नसतं!"

प्लांटच्या गेटवर सिक्युरिटी पास मागायचा, तेव्हा कुठं आम्ही गप्प बसायचो.

शुक्रवारी ओव्हरटाइम होता. सकाळी मी खाली उभा राहिलो. गाडी जागेवर होती. सलीमभाई आले नाहीत.

वर गेलो. बिल्डिंगवाल्याने दार उघडलं. ते पलंगावर बसलेले होते, भिंतीला टेकून. युनिफॉर्म घातलेला, एका पायात मोजा.

हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

मला रडू आलं नाही. अजूनही नाही आलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसने ड्युटीवर गेलो, पंच केलं, एक पंप उघडला, बंद केला.

मग ऑफिसातून बोलावणं आलं. घरच्यांचं उत्तर हवं होतं. दफन इथंच, की बॉडी गावी? गावी न्यायची तर किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. ऑफिसातला माणूस केरळचा. गावाहून भाभी, सलीमभाईंच्या मिसेस, फोनवर म्हणाल्या, मराठी बोलणारं कोणी द्या. म्हणून फोन माझ्या हातात आला.

"दादा, तुमी रोज त्यांच्यासोबत गाडीत असायचे. ते कधी काय बोलले होते? गावच्या कब्रस्तानात, का तिथंच?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं,

"भाभी, ते म्हणायचे एमव्हीपी दाढीवाल्यालाच मिळायला पाहिजे."

ऑफिसातला माणूस माझ्याकडे बघत होता. कशाला बोललो मी ते? डोक्यात दुसरं काही नव्हतंच. इतकी वर्षं बोललो, आणि तेवढंच बोललो.



"माझ्याशी तरी दुसरं काय बोलायचे," भाभी म्हणाल्या. "जेवलीस का, पोरगा शाळेत गेला का, आणि तो दाढीवाला."

मग त्या रडल्या. मी फोन धरून उभा राहिलो.

थोड्या वेळाने आवाज घट्ट करून त्यांनीच ठरवलं. "आमच्यात मयत थांबवत नाहीत. तिथंच करा. बर्फात नको ठेवायला त्यांना."

काल दुपारच्या, असरच्या नमाजनंतर माती दिली. नमाजच्या वेळी मी मशिदीबाहेर उभा होतो. कब्रस्तानात मला आत सोडतील असं वाटलं नव्हतं. कोणी काही विचारलं नाही. आमच्या शिफ्टच्या एका बांगलादेशी फिटरने माझा हात धरून पुढं नेलं. तीन मुठी टाकतात. मीही टाकल्या. माती कोरडी होती, बोटांतून निम्मी वाऱ्यावर गेली.

फोटो, व्हिडिओ इथं करू देत नाहीत. म्हणून बाहेर येऊन भाभींना फोन लावला आणि जमेल तसं सांगितलं. साधी कबर आहे. डोक्याशी एक दगड. नाव लिहीत नाहीत.

"नाव नाही? मग ओळखायची कशी?"

"गेटमधून उजवीकडे, भिंतीच्या कडेची ओळ, त्यातली शेवटची," मी सांगितलं.

"दादा, जुनेद आता चौथीत आहे. मोठा झाला की त्याला मक्केला, उमऱ्याला पाठवीन. तेव्हा त्याला बापाची जागा दाखवाल ना? तुमी असाल ना तिथं?"

"असेन," मी म्हणालो.

इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला की मी कायमचा घरी निघालोय. आईला कळवून झालंय. सलीमभाईंना गाडीत सांगायचं होतं, पण शांत्या आणि दाढीवाल्यातून ते मला बोलू देतील तर ना.

भाभींना हे सांगायचं धैर्य झालं नाही.

आज ड्युटीवरून येताना पुन्हा कब्रस्तानात गेलो. गेटमधून उजवीकडे, भिंतीच्या कडेची ओळ. काल सलीमभाई त्या ओळीत शेवटचे होते. आज त्यांच्या पुढं आणखी दोघं होते, तसेच दगड, तशीच माती. माझं पाऊल आधी चुकीच्या कबरीपाशीच थांबलं.

सलीमभाई, तुम्हाला शेवटचा सलाम. मनापासून श्रद्धांजली.